कुकरच्या शिट्टीसकट

१० मार्च १९८५, मुलुंड

रेकॉर्डिंग झालं. आठही गाणी एका दिवसात. बोटं अजून पेटीवर असल्यासारखी वळवळतायत.

ही वही मुद्दाम आजच आणली. पुढेमागे कोणी विचारलं की चंद्रप्रकाश साटमांची पहिली कॅसेट कशी निघाली, तर आठवणीवर विसंबायला नको.

अंधेरीचा स्टुडिओ म्हणजे गॅरेजच्या वरची खोली, पण आत शिरलं की बाहेरचा आवाज बंद. तीन व्हायोलिनं, एक बासरी. ढोलकीला आमचा मार्कस. मरोळ गावठाणातला. रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन आणि बाकीचे दिवस आमच्याकडे ढोलकी. आज व्हायोलिनवाले त्यानेच आणले होते.

खरी पंचाईत वनमालाची. ती आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहते, लोकांकडे पोळ्या करते. नवरा काशीराम गिरणीत होता. संपात गिरणी सुटली ती सुटलीच, आता भांडुपला एका गेटवर उभा असतो. वनमाला मालवणाकडची. नळावर बोलली तरी दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. तिच्यासाठीच मी मालवणीत लिहायला लागलो. पण माईकपुढे ती तोंड उघडायची आणि मीटरचा काटा लाल पट्टीत जायचा. रेकॉर्डिंगवाला काच ठोठावून थकला. शेवटी मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "घरी गातेस तशी नको गाऊस. रेडिओवर गातात तशी गा. गोड. दबून."

गायली. झकास गायली. शेवटी हेडफोन लावून ऐकवलं तर म्हणते, "भावजी, ही कोण गाता?"

"तूच."

"माका वाटला दुसरी कोण आसा."

सगळे हसले. होईल सवय.

सगळ्यात चांगलं उतरलं ते चुलीचं गाणं:
आधण उकाळला, तांदूळ वैरतंय,
घोव मुंबयक, चुलीक सांगतंय.

आधी मी 'देवाक सांगतंय' लिहिलं होतं. तालमीत 'चुलीक' सुचलं आणि गाणं उभं राहिलं. असे शब्द मागून येत नाहीत.

२८ एप्रिल

कॅसेट आली! कव्हरवर घागर घेतलेली कोणी गोरी मॉडेल आहे. अशी बाई कोकणात मी तरी पाहिलेली नाही. माझं नाव मागच्या बाजूला, 'साटम'चं 'साठे' झालेलं. कंपनीचे मालक मणियारशेठ म्हणाले, पुढच्या छपाईत सुधारू. असो. देवापुढे ठेवली, कुंकू लावलं.

बायकोला, रत्नाला, ऐकवली. "छान आहे हो," म्हणाली. आणि आज सकाळी स्वयंपाक करताना पुन्हा ती तालमीचीच कॅसेट लावून बसली. जानेवारीत चाली विसरू नयेत म्हणून मी आमच्या टेपरेकॉर्डरवर भरली होती ती. तिच्यात मागे पेपरवाला ओरडतोय, रत्नाचा कुकर शिट्ट्या मारतोय. म्हटलं, "अगं, ही टाकून दे आता." तर म्हणते, "असू दे. घरातली वाटते."

१६ जून

मुलुंडला तीन दुकानांत विचारलं. नाही. भांडुपला नाही. ठाण्यात एकाने नाव लिहून घेतलं आणि माझ्यासमोरच त्या कागदात पानपट्टी गुंडाळली.

मणियारशेठना फोन. "चालेल, चालेल, साठेजी. लोकगीत आहे, हळूहळू चढतं." कारखान्याच्या टाइम ऑफिसातून फोन केला म्हणून साहेबांनी पाहिलं ते वेगळंच. ऑफिसातल्या कोणीही अजून कॅसेट ऐकलेली नाही. 'मिळत नाही' म्हणतात. खरंच मिळत नाही, तर मी भांडू कोणाशी?

७ जुलै

वाट लागली.

रत्नाच्या बहिणीकडे, जानकीकडे, घाटकोपरला जेवायला जात होतो. स्टेशनबाहेर पश्चिमेला एक कॅसेटवाला बसतो. टेबलावर डबडा टेप, वर प्लास्टिक. भोवती दहा-बारा माणसं, बहुतेक बायका. आणि गाणं कोणतं? माझं. 'आधण उकाळला.' अंगावर काटा आला. रत्नाचा हात दाबला. म्हटलं, ऐक! चालली कॅसेट!

मग मधेच कुकरची शिट्टी झाली.

आणि शिट्टीमागून माझा आवाज: "थांब, थांब, वनमाला. पुन्हा."

बायका हसल्या. त्यांना ते पाठ होतं. एकीने तर शिट्टीच्या आधीच तोंडाने 'फुस्स' केलं.

गर्दीत घुसून मी टेप बंद केला. कॅसेट काढून बघतो तर कव्हर म्हणजे निळ्या शाईतली झेरॉक्स. त्यावर 'वनमालाबाईची मालवणी गाणी' एवढंच. नाव चुकीचं सुद्धा नाही. नावच नाही.

"हे कोणी दिलं तुला?"

कॅसेटवाला नंदू. तिशीच्या आतला, कपाळावर गंध, हसतमुख. हसतमुख माणसांचा मला फार राग येतो. "काका, टेपमधला आवाज तुमचाच ना? 'थांब, थांब'वाला? बसा ना! चहा सांगतो."

म्हटलं, चोर आहेस तू. कंपनीची कॅसेट असताना ही घाण विकतोस?

"कंपनीची पण ठेवलेली, काका. आईशप्पथ. दोन महिने ठेवली. लोक ऐकतात आणि परत देतात. ही लावली की पोळ्या करणाऱ्या बायका, नर्सा, कोळणी, सगळ्या थांबतात. ह्यात बाई गाते. त्यात कोण गाते तेच कळत नाही."

टेबल उलटं करायचं मनात होतं. रत्नाने दंड धरला. जानकीकडे जेवलो नाही. ताट समोर होतं, जेवलो नाही.

९ जुलै

ती कॅसेट माझ्या घरातून बाहेर गेली. घरी येतं कोण? वनमाला आणि मार्कस. वनमालाला टेपरेकॉर्डर चालवता येत नाही. मग मार्कसच.

संध्याकाळी तो तालमीला आला तेव्हा दारातच धरला. बरंच बोललो. स्टुडिओत आणलेल्या व्हायोलिनवाल्यांचं बोललो, चर्चचंसुद्धा बोललो, ते नको होतं. तो ढोलकी खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, संपला? आता मी जातो." गेला.

रत्ना आत भांडी घासत होती. भांडी थांबली. बाहेर येऊन ती म्हणाली, "अहो, मी दिली."

जानकीला वनमालाची गाणी ऐकायची होती म्हणे. आमचा टेप तेव्हा दुरुस्तीला होता. म्हणून नंदूच्या टेबलावर एक कॉपी भरून घेतली. हवी ती गाणी भरून देणं हाच त्याचा धंदा. त्याने ऐकली आणि आपल्यासाठीही एक ठेवली.

"मला काय ठाऊक तो विकेल म्हणून," ती म्हणाली. मग, "पण अहो, एवढ्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. मला तर बरं वाटलं."

बरं वाटलं! माझ्या दोन वर्षांच्या कामावर कुकरची शिट्टी आणि हिला बरं वाटलं.

मार्कसला सांगायला हवं. बघू, उद्या.

२० जुलै

मणियारशेठनी स्वतः बोलावून घेतलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली. म्हणाले, तुमची कॅसेट पडली ती ह्या चोरांमुळे. आता कायदा कडक झालाय. आपण केस करायची.

पोलीस चौकीत त्यांचा माणूस बरोबर होता. तक्रार त्याने लिहून आणली होती, मी सही केली. हवालदाराने विचारलं, "गाणं कसलं आहे?" म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "हे तर आमच्या घरी आहे." आणि घाईघाईने शिक्का मारला.

मला हलकं वाटायला हवं होतं.

२८ जुलै

धाड पडली. नंदूचं टेबल, टेप, खोकीभर कॅसेट नेल्या. जानकीने सांगितलं की तो जामिनावर सुटला. तिने मला चहा दिला नाही. माझ्याकडे बघून रत्नाला दिला.

११ ऑगस्ट

वनमाला वर आली. नवं लुगडं नेसून, केसांत अबोली. चेंबूरच्या एका गणपती मंडळाने बोलावलंय. शिवाय दहिसरचं एक आणि भांडुपची दोन. 'कॅसेटवाली बाई' शोधत लोक चाळीपर्यंत आले.

"भावजी, पेटीक तुमी होयात. तुमच्याशिवाय माका सूर कोण देतलो?"

विचारलं, ह्या लोकांनी कोणती कॅसेट ऐकली?

"शिट्टीवाली."

मग मी येणार नाही म्हटलं. चोरीच्या मालावर आलेलं आमंत्रण मला नको. आज मी त्या मंचावर बसलो तर कोर्टात काय तोंड दाखवू?

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "चोरल्यान नंदून, कबूल. पण पोचयल्यान पण त्यानाच. कंपनीन काय केल्यान ता सांगा."

"कंपनीने रीतसर कॅसेट काढली."

"ती मी नाय त्या कॅसेटीत." आणि मग, "भावजी, तुमका पगार आसा. माझ्या घरात काशीराम गेटीवर उभो रवता. माका कोणी गावंक बोलावता, हाताक धरून बोलावता. मी नको म्हणा?"

म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

"होय," ती म्हणाली. "तुमचो."

जाताना दार ओढून घेतलं नाही. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. बाई चालतेसुद्धा खड्या आवाजात.

२२ सप्टेंबर

जाणार नव्हतो. गेलो. चेंबूरला, मंडपात सगळ्यात मागे, खांबाला टेकून.

पेटीवर कोणी तरी दुसराच. काळी चारची पट्टी धरून बसला होता, तिला ती खालची पडते, हे मी किती वेळा सांगितलंय. ढोलकीवर मार्कस. मला बघितलं असावं, पण वाजवताना त्याने मान वर केली नाही. अजून त्याला सांगायचं राहिलंच आहे.

वनमालाने पहिला आलाप घेतला आणि मंडपातल्या पोरांचा दंगा थांबला. असं काही तिने माझ्यासमोर गायलं नाही. किंवा मी गाऊ दिलं नसेल. पण स्टुडिओची गोष्ट वेगळी आणि मंडपाची वेगळी, हे तिला कोणी समजवायचं?

निवेदक म्हणाला, "आता ऐकूया आपल्या कोकणची परंपरागत गीतं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयाबायांनी जपलेली." आणि लागलं, 'आधण उकाळला.'

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. डोळे मिटून ओळ पुरी करत होती. गाणं संपल्यावर मला म्हणाली, "माझी आवस म्हणायची ह्या गाणा. जात्यार."

"आजी, हे गाणं मी लिहिलंय. मागच्या वर्षी."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पँट, बुशशर्ट, खिशाला पेन. मग तोंडावर पदर धरून हसायला लागली. "तुमी? पुरुषमाणसाक चुलीचा काय ठावक?"

एका माणसाचं गाणं चोरलं तर चोर तरी असतो. आईच्या नावावर गेलेलं गाणं परत कोणाकडे मागायचं?

कार्यक्रम संपायच्या आत निघालो.

५ जानेवारी १९८६

मणियारशेठनी वनमालाची नवी कॅसेट काढली. मला न विचारता. ह्या वेळी व्हायोलिनं नाहीत. ढोलकी, टाळ, मागे बायकांचा गलका, आणि ती मोकळ्या गळ्याने. एका बाजूला मुद्दाम भांड्यांचे आवाज घातलेत! मुलुंडच्या तिन्ही दुकानांत थप्प्या लागल्यात.

आठांतली सहा गाणी माझी. कव्हरवर: 'गीत-संगीत: पारंपरिक.'

खाली जाऊन वनमालाच्या दारात उभा राहिलो. ती पीठ मळत होती.

"मी सांगलंय तेंका, भावजी. तीन वेळा सांगलंय. गाणी साटमभावजींची. लिवतंव म्हणाले."

"मग सही का केलीस?"

"लिवतंव म्हणाले म्हणान." तिने पिठाचे हात तसेच वर धरले होते. "तुमी पण करताच की सही. तेंच्या कागदार. नंदूच्या नावान."

अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेलो. मणियारशेठ म्हणाले, "पारंपरिक लिहिलं की झगडा नाही, साठेजी. कवी आला की भांडण आलं." म्हटलं, साटम. "तेच ते. एप्रिलमध्ये केस उभी राहते आहे. तुम्ही कोर्टात नीट साक्ष द्या, पायरसीने कलावंत मरतो हे सांगा. मग नावाचं बघू."

म्हणजे माझं नाव परत मिळवायला मी नंदूचं घ्यायचं. येताना बस चुकली ती चुकली, दोन स्टॉप चालत गेलो, मग कळलं उलट्या दिशेला चाललोय.

१८ एप्रिल

साक्ष झाली. जसं झालं तसंच लिहितो, कारण आत्ताच मला ते मनात थोडं बदलून दिसायला लागलंय.

कंपनीच्या वकिलाने पढवलं होतं: तुम्ही कवी, तुम्ही संगीतकार, तुमच्या घामाची चोरी झाली. मी सगळं म्हटलं. नंदू समोर उभा होता, नवा शर्ट घालून. मला बघून सवयीने हसला, मग आठवण झाल्यासारखा थांबला. मागच्या बाकावर वनमाला आणि मार्कस. रत्नासुद्धा आली होती, पण माझ्या बाजूला बसली नव्हती, त्यांच्या बाजूला.

मग जप्त केलेली कॅसेट लावली. कोर्टात माझं घर ऐकू यायला लागलं. पेपरवाला. कुकर. न्यायाधीश साहेबांनी मान वर केली. मग माझा आवाज: "थांब, थांब, वनमाला. पुन्हा. 'घोव मुंबयक, देवाक सांगतंय.'"

आणि वनमालाचा: "देवाक कित्याक, भावजी? देव खय ऐकता. बायलमाणूस चुलीक सांगता."

मग मी: "हं. चुलीक. बघू म्हणून."

आणि मग ते गाणं.

हा भाग मला आठवत नव्हता. आठवण्यासारखा आहे कुठे? तालमीत कोणी काहीही बोलतं. मी तिथे अडलो होतो म्हणून तर ती बोलली. कोर्टात मात्र कोणीतरी हसलं, आणि मला का कोण जाणे मागे वळून बघवेना.

नंदूची वकील एक तरुण बाई. तिने विचारलं, "ही कॅसेट विकली गेल्यामुळे तुमचं नुकसान झालं?"

"झालं."

"काय झालं?"

"माझं नाव गेलं."

तिने नवी कॅसेट पुढे केली. "ही तुमच्या कंपनीची. ह्यावर तुमचं नाव वाचून दाखवाल?"

"नाही आहे."

"आणि ही चोरीची. ह्यात तुम्ही गाणं रचताना निदान ऐकू तरी येता. खरं ना?"

कंपनीचा वकील उठला, काही म्हणाला, बसला. मणियारशेठ घड्याळ बघत होते. साहेबांनी मला विचारलं, "तुमचं म्हणणं नक्की काय आहे? आरोपीने तुमचं नुकसान केलं की नाही?"

इतके महिने मी सगळ्यांना माझं नुकसानच सांगत फिरत होतो. ते ह्यानेच केलं का, हे मला कोणी पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, "साहेब, ह्याने न विचारता घेतलं. ते चूकच. पण ह्याने घेतलं तेव्हा लोकांनी ऐकलं. कंपनीने विचारून घेतलं तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि लोक ऐकायला लागले तेव्हा कंपनीने माझं नाव पुसलं. नुकसान झालंय. एकट्या ह्याच्या नावावर ते मला मांडता येत नाही."

साहेबांनी किती लिहून घेतलं ठाऊक नाही. बहुतेक 'नुकसान झालंय' एवढंच.

बाहेर मणियारशेठ माझ्याशी बोलले नाहीत. नंदू बोलला. "काका, 'थांब, थांब' ऐकून साहेबसुद्धा हसले." मी त्याला म्हटलं, तू चूप बस. तो चूप बसला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. घेतला. डोकं दुखत होतं.

४ मे

नंदूला दंड झाला आणि कॅसेट नष्ट करायचा हुकूम. तो आता दहिसरला बसतो म्हणे, चेकनाक्याकडे. मणियारशेठनी नव्या छपाईत माझी सहा गाणीच काढून टाकली. नाव घालण्यापेक्षा त्यांना ते सोपं पडलं.

संध्याकाळी मरोळला गेलो. मार्कस अंगणात मासे साफ करत होता. म्हटलं, कॅसेट तू दिली नव्हतीस.

"मना ठाव हाय," तो म्हणाला. "रत्नावहिनीनी दुसऱ्याच दिशी सांगितला. तू कवा सांगतोस ते बघत व्हतो." मग म्हणाला, "बस. बोंबील खातोस ना?"

जेवून आलो.

२५ मे

काल देवळात भजन चालू होतं आणि एकदम डोक्यात आलं. संत मंडळी हुशार! शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफून ठेवतात. शेकडो वर्षं लोक गातायत, लिहून घेतायत, एकमेकांचं उचलतायत, पण नाव पुसता येत नाही. नाव काढलं की ओळ मोडते. ना कंपनी, ना कव्हर, ना कोर्ट.

सकाळपासून नवं गाणं घेऊन बसलो. 'चंद्रप्रकाश म्हणे' कशातही बसत नाही. ओवीत नाही, फुगडीत नाही. साटम घातलं तर गणपतीची वर्गणी मागितल्यासारखं वाटतं.

वनमाला वर आली. मागच्या ऑगस्टनंतर पहिल्यांदा. सरळ पेटीशेजारी बसली. मी अडचण सांगितली. तिने विचारलं, "गावाक आवस काय म्हणायची तुमका?"

"चंदू."

"मग झाला!" आणि चाळ हादरेल अशा आवाजात:
चंदू म्हणे, बाये, धूर वर गेलो,
चुलीपाशी जीव माझो एकटोच रवलो.

दुसरी ओळ तिनेच जोडली की माझी होती, आता सांगता येत नाही. पण नाव बसलं. एकदम घट्ट. मी इतका खूश झालो की तिला म्हटलं, आता हे गाणं कोणीही चोरो, माझंच राहील. ती हसली.

ह्या गणपतीत पेटीवर मी बसणार.

११ सप्टेंबर १९८६

गौरीजेवण. श्रावणापासून कार्यक्रम चालू आहेत, म्हणून लिहायला झालं नाही. बोरिवली, भांडुप, चेंबूर. वनमाला गाते, मी पेटीवर, मार्कस ढोलकीवर. प्रत्येक ठिकाणी पुढच्या रांगेत कोणीतरी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला असतो. मार्कस मला डोळ्याने दाखवतो. मी म्हणतो, भरू दे रे. शेवटच्या ओळीत मी आहे.

आज दुपारी जानकीकडे घाटकोपरला गेलो. तिच्या चाळीतल्या बायका गौरीपुढे फुगड्या घालत होत्या. बाहेर कॉट टाकली होती, तिथे बसलो. आणि सुरू झालं आमचं गाणं. कंपनीत कधी न गेलेलं, कुठल्याही कव्हरवर न छापलेलं. पंचवीस-तीस बायका, ओळीने, टाळ्या देत. रत्नाही त्यांच्यात. खरंच सांगतो, डोळे भरून आले. शेवटची ओळ कधी येते म्हणून मी पुढे सरकून बसलो.

आली.

'नंदू म्हणे, बाये, धूर वर गेलो...'

वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी परत घेतलं. नंदू म्हणे. सगळ्या. रत्ना तेवढी चंदू म्हणत होती, पण एकटी, आणि तिचा आवाज तो केवढा.

फुगडी सुटल्यावर एका बाईला थांबवलं. घामाघूम, नथ सावरत होती. विचारलं, हा नंदू कोण?

"ता काय, दहिसरचो कॅसेटवालो! सगळी गाणी तोच लिवता. पोलिसांनी धरलो पण होतो त्याका, गाण्यापायी." आवाजात केवढा अभिमान.

"बाई, ते चंदू आहे. चंदू म्हणे."

तिने मला नीट बघितलं. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "नाय हो, काका. नंदूच. माझ्याकडे कॅसेट आसा."